सिनेमातल्या फादरचं छप्पर कधी गळतं का?

पाळकाची_पोर (कोपरी, ठाणे)

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर बाबांबरोबर टीव्हीवर एक जुना हिंदी पिक्चर बघत बसले होते. नाव सांगत नाही, कारण कुठलंही नाव घातलंत तरी चालेल. बाहेर धो धो पाऊस, वीज चमकते, हिरो चर्चचं दार ढकलून आत येतो आणि समोर फादर. पांढराशुभ्र झगा, कडक इस्त्री, छातीवर वीतभर क्रॉस, मागे शंभरेक मेणबत्त्या जळतायत. रात्रीचे बारा वाजलेत आणि हा माणूस तिथे नुसता उभा आहे, जसं काही हिरोचीच वाट बघत होता. बाबांनी बराच वेळ बघितलं आणि मग म्हणाले, "एवढ्या मेणबत्त्या कोण लावतं गं यांच्याकडे? आणि यांचं छप्पर गळत नाही का?"

बाबा रिटायर्ड पाळक आहेत, वय ७६. आधी नगर जिल्ह्यात खेड्यापाड्यांवर, मग शेवटची अकरा वर्षं ठाण्याकडे. (ज्यांच्या डोक्यात आत्ता प्रश्न आलाय त्यांच्यासाठी: आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात पाळक लग्न करतात. कॅथलिक फादर करत नाहीत. शाळेत असल्यापासून हे समजावतेय, आता पन्नाशी आली.)

माझ्या लहानपणीचे बाबा म्हणजे मे महिन्याच्या शेवटी चर्चच्या छपरावर चढून कौलं सरकवणारे बाबा. खाली मी आणि आई बादल्या घेऊन. लुना होती, तिचा प्लग ते स्वतः साफ करायचे, त्यामुळे बोटं कायम काळी आणि त्याच बोटांनी रविवारी प्रभुभोजनाची भाकर मोडायची म्हणून शनिवारी रात्री आई त्यांचे हात लिंबाने घासायची. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, दोन भावांचं बांधावरून भांडण, हार्मोनियम कोणी वाजवायची यावरून तिसऱ्याचं रुसणं, रात्री दोनला सिव्हिल हॉस्पिटलला कोणाच्या तरी उशाशी बसणं, वर पंच कमिटीला, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांना, दानपेटीचा हिशोब. यातलं काही मी कधी पडद्यावर बघितलं नाही.

तर प्रश्न असा: सिनेमात तुम्हाला कधी खरा वाटलेला फादर, पाळक, पाद्री दिसलाय का? भाषा कुठलीही चालेल.

घोडबंदर_जॅम

"गॉड ब्लेस यू माय सन." संपला रोल, पॅकअप.

तलावपाळी_कट्टा

ताई, पहिलाच अमर अकबर अँथनी आठवणार, इलाज नाही. नझीर हुसेनचा पाद्री. १९७७ चा पिक्चर, मी केबलवर किती वेळा बघितला असेल गणती नाही. लहानपणी माझी पक्की समजूत होती की प्रत्येक चर्चच्या दारात एक तरी पोर सापडतंच आणि फादरचं मुख्य काम ते वाढवणं. आम्ही संध्याकाळी तळ्यावर यायचो तेव्हा सेंट जॉन बॅप्टिस्टवरून जाताना मी आत डोकावून बघायचो की आज कोणी सापडलंय का.

पण मला तो पाद्री आवडतो हां. पोराला वाढवून काय केलं, तर दारूचा गुत्ता चालवणारा दादा केला, आणि तो दादा कमाईतला अर्धा वाटा देवाला देतो. म्हणजे या फादरला दानपेटी होती, आणि तिच्यात हातभट्टीचे पैसे पडत होते! तुमच्या बाबांच्या पंच कमिटीने काय केलं असतं?

पाळकाची_पोर

@तलावपाळी_कट्टा, बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पावती फाडली असती आणि गप्प बसलो असतो."

बाटली_मसाला (ठाणे पश्चिम)

मी ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच, ठाण्याचीच, आडनाव पोर्तुगीज आणि भाषा मराठी, हे परत परत सांगायचा मलाही कंटाळा येतो त्यामुळे पाळकाची_पोर, तुझं दुःख कळलं.

माझा राग लग्नाच्या सीनवर आहे. फादर पुस्तक उघडून विचारतो, कोणाला या लग्नाबद्दल आक्षेप असेल तर आत्ता बोला. आणि मागून हिरो दार उघडून ओरडतो. अरे कॅथलिक लग्नात हे विचारतच नाहीत! आमच्यात आधी तीन रविवार मिस्साला नावं वाचतात, कोणाला काही सांगायचंय तर तेव्हा ऑफिसमध्ये येऊन सांगा, लग्नाच्या दिवशी तमाशा नको. मी माझ्या पोराच्या लग्नात सासरच्या वऱ्हाडातल्या एका हिंदू काकूंना बघितलंय, त्या शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या. नंतर म्हणाल्या, तो प्रश्न विचारलाच नाही हो. चक्क नाराज झाल्या होत्या.

आणि "यू मे किस द ब्राइड" पण आमच्या विधीत लिहिलेलं नाही. आणि आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायचा विधी, लुगडं, घुमट वाजवणं, बँड, सगळ्या म्हाताऱ्यांचं नाचणं, हे कोणी दाखवत नाही. फादर तिथे खुर्ची टाकून बसलेले असतात, पुढ्यात खुडीचं डुकराचं किंवा कोंबडीचं ताट आणि कोणीतरी कानाशी येऊन सांगत असतं की फादर, कबरस्तानाच्या भिंतीचं जरा बघा ना.

पाळकाची_पोर

@बाटली_मसाला, आमच्याकडे मात्र विचारतात ते. माझ्या लग्नात बाबांनीच विचारलं. स्वतःच लग्न लावत होते ना. विचारलं आणि जरा जास्तच थांबले. नवरा अजून म्हणतो की तुझ्या बापाने तेव्हा आमच्या मोठ्या काकांकडे आशेने बघितलं.

घोडबंदर_जॅम

हाहाहा मेलो.

शेंडीवाला (नौपाडा)

जरा दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. तुमच्या फादरला निदान स्वच्छ झगा तरी मिळतो. आमच्या भटजींचं बघा. मराठी सिनेमात भटजी म्हणजे पोट सुटलेला, लाडूंवर डोळा, दक्षिणेसाठी हावरट, मंत्र चुकणारा, हिरोने शेंडी ओढायची. माझे वडील पौरोहित्य करत. सकाळी चारला उठून सायकलवर कळव्यापर्यंत जायचे, गुडघे गेले त्यात. मौलवींचं तर विचारूच नका, एक तर दुआ देणार नाहीतर बॉम्ब. तेव्हा पाद्री लोकांनी तक्रार करावी अशी परिस्थिती मला तरी वाटत नाही. तुम्हाला सिनेमावाले घाबरतात किंवा मान देतात.

सीवूड्स_ब्लॉक

@शेंडीवाला, मान देतात म्हणणं बरोबर नाही वाटत. शोकेसमध्ये ठेवलेल्या बाहुलीला कोणी मारत नाही, पण तिच्याशी कोणी बोलतही नाही ना. तुमच्या भटजीला निदान भूक लागते. फादरला सिनेमात भूकसुद्धा लागत नाही.

शेंडीवाला

हे पटलं. लाडू आमचे.

फायटर_नं_३ (कासारवडवली)

मी इथे नेहमी नुसता वाचतो पण हा धागा माझाच आहे असं समजून लिहितो. मी ज्युनियर आर्टिस्ट होतो, बावीस वर्षं. घोडबंदर रोडला मालिकांचे सेट आले तेव्हापासून तर घराजवळच काम. माझं टक्कल, पांढरी दाढी आणि रंग जरा उजळ, त्यामुळे को-ऑर्डिनेटर फोन करायचा, "उद्या पाद्री आहे, सातची शिफ्ट." मी कमीत कमी तीस लग्नं लावली असतील. दोनदा तर त्याच हिरोचं, वेगळ्या बायकांशी, एकाच मालिकेत.

आता झग्याचं सांगतो. तो ड्रेसवाल्याकडून येतो. त्याच्याकडे पांढरे तीन, काळे दोन, आणि सगळे एकाच मापाचे. मागून उघडे असतात, क्लिपा लावून घट्ट करायचे, म्हणून फादर सिनेमात कधी पाठ फिरवत नाही. आता बघा नीट, पाठ फिरवत नाही! बायबल म्हणून हातात जे देतात ते मी उघडून बघायचो. एकदा इंग्लिश-इंग्लिश डिक्शनरी काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेली होती, एकदा सोसायटीचं हिशोबाचं रजिस्टर. डायलॉग विसरलो तर त्यात चिकटवायची सोय असायची.

मेणबत्त्यांचं तुमच्या बाबांना सांगा, आर्ट डिपार्टमेंटची दोन पोरं लावतात आणि प्रत्येक कटला विझवतात, कारण कंटिन्युइटी. वितळून छोटी झालेली मेणबत्ती दुसऱ्या शॉटमध्ये मोठी दिसली तर बोंब. चर्च प्लायचं, मूर्ती थर्माकोलची. खऱ्या चर्चमध्ये शूटिंगची परवानगी मिळवायला वेळ जातो, मालिकेला तेवढा वेळ नसतो, रोजचा एपिसोड जायचा असतो.

आणि छप्पर? ताई, छप्परच नसतं. वर लाईटी टांगायच्या असतात.

पाळकाची_पोर

फायटर दादा, तुमचा प्रतिसाद बाबांनी स्वतः चष्मा लावून वाचला. "छप्परच नसतं" वर पाच मिनिटं हसत होते. तुम्हाला एक विचारायला सांगितलंय: झगा घातल्यावर सेटवर लोक वेगळं वागायचे का?

फायटर_नं_३

हो ना. स्पॉटबॉय चहा आधी द्यायचा. एकदा मेकअपवाली मुलगी, शॉटच्या मध्ये, हळूच येऊन म्हणाली की फादर, माझ्या आईचं ऑपरेशन आहे उद्या, जरा प्रार्थना करा. मी म्हटलं अगं मी गणपती विसर्जनाला ढोल वाजवणारा माणूस. तर म्हणते असू दे, करा. केली मग. काय म्हणायचं माहीत नव्हतं, रामरक्षा म्हटली मनात.

नेरूळ_सेक्टर_सहा

वा दादा. आता यावर लिहायचं म्हणजे अवघड आहे, तरी लिहितो.

मी मल्याळी, जन्म नवी मुंबईतला, मराठी मीडियमला शिकलो, त्यामुळे इथे. हिंदी सोडा आणि मल्याळम बघा. कारण सरळ आहे, तिकडे प्रेक्षकांतच एवढे ख्रिश्चन आहेत की फादर म्हणजे पाहुणा कलाकार नाही, शेजारचा माणूस आहे. आणि शेजारच्याचं चांगलं, वाईट, विनोदी सगळंच दाखवतात. ई.मा.यौ. बघा, २०१८ चा, लिजो जोस पेल्लिस्सेरीचा. किनाऱ्यावरच्या गावात एक म्हातारा मरतो, पोराने बापाला शब्द दिलाय की तुझी अंत्ययात्रा थाटात काढीन, आणि पाऊस, आणि पैसा नाही, आणि गावातला फादर संशय घेऊन दफन अडवून धरतो. तो फादर बघताना मला घाम फुटला, कारण असा माणूस मी बघितलाय. व्हिलन नाही तो. फक्त त्याला थोडा अधिकार आहे आणि तो त्याला आवडतो.

मग रोमन्स, २०१३, दोन चोर फादर बनून गावात राहतात, फुल कॉमेडी. आणि ट्रान्स, २०२०, फहाद फासिल. तिथे तर कॉर्पोरेटवाले एका मोटिव्हेशनल स्पीकरला पकडून चमत्कार करणारा पास्टर बनवतात, ट्रेनिंग देऊन, मार्केटिंग प्लॅन करून. माझी आई अर्ध्यातून उठून गेली, म्हणाली हे पाप आहे. मी म्हटलं दाखवणं पाप की करणं पाप, तर बोलली नाही दोन दिवस.

सानपाडा_साडेनऊ

ट्रान्सचं नाव निघालं म्हणून लिहिते. आयडी नवीन घेतलाय कारण ऑफिसमधले लोक इथे आहेत.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या आईचे गुडघे पूर्ण गेले होते. आम्ही ख्रिश्चन नाही. शेजारच्या बाईंनी सांगितलं, अमुक मैदानावर मोठी प्रार्थनासभा आहे, चला. ते उपदेशक कोण, कुठले, नाव घेत नाही. केवढा स्टेज, केवढे स्पीकर, माझ्या छातीत धडधड होत होती त्या बासने. आईला व्हॉलंटिअरने रांगेतून वर नेलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, माईकवर ओरडले, काठी काढून घेतली आणि म्हणाले चाल. आणि आई चालली हो. आठ-दहा पावलं. लोक टाळ्या वाजवतायत, रडतायत, मीपण रडले.

खाली आलो तर काठी परत मिळेना. कोणी कुठे ठेवली कोणाला माहीत नाही. आईला धरून धरून रिक्षापर्यंत आणलं. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा टम्म सुजला. आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची की त्या दहा पावलांत दुखलं नव्हतं. मला अजून कळत नाही तिचं काय करायचं, त्या वाक्याचं. सिनेमात एक तर तो माणूस भोंदू असतो नाहीतर चमत्कार खरा असतो. आईचं वाक्य कुठेच बसत नाही.

सीवूड्स_ब्लॉक

@सानपाडा_साडेनऊ, रॉबर्ट दुव्हॉलचा द अपॉसल मिळाला तर बघा. १९९७ चा. लिहिलाय, दिग्दर्शित केलाय, काम केलंय, सगळं त्यानेच. तो पास्टर हातून एकाला जबर मारहाण करून पळून जातो, दुसऱ्या गावात नाव बदलून परत चर्च उभं करतो. भोंदू आहे का? नाही. चांगला आहे का? तेही नाही. त्याचा विश्वास शंभर टक्के खरा आणि हात शंभर टक्के रागीट.

खरंबोलणारा

एवढे प्रतिसाद झाले, धर्मांतराबद्दल एक शब्द नाही. पाद्री आदिवासी पाड्यांवर काय करतात त्यावर कोणी सिनेमा काढत नाही, हा खरा प्रश्न आहे.

तलावपाळी_कट्टा

आला बुवा.

पाळकाची_पोर

@खरंबोलणारा, देशात काय चाललंय त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. बाबांचा आहे. शेवटच्या मंडळीत आले तेव्हा १४० घरं होती, गेले तेव्हा १५२. वाढलेली बाराच्या बारा पोरांची लग्नं होऊन वेगळी झालेली. त्यात तीन घरं तर भांडून वेगळी झालेली.

खरंबोलणारा

तुमच्या बाबांबद्दल बोलतच नाहीये मी. सरसकट म्हणतोय.

शेंडीवाला

सरसकट हाच तर धाग्याचा विषय आहे ना भाऊ.

संपादक_मंडळ

या मुद्द्यावर वेगळा धागा आहे, तिकडे जावे. इथे सिनेमा.

गोदीकर_नाना (उलवे)

मी मुंबई गोदीत ३१ वर्षं काढली. इंग्लिश पिक्चर फार बघितले नाहीत, पण युनियनच्या एका शिबिरात प्रोजेक्टरवर ऑन द वॉटरफ्रंट दाखवला होता. १९५४ चा आहे. लोक मार्लन ब्रँडोचं कौतुक करतात, करोत. मला आठवतो तो कार्ल माल्डनचा फादर बॅरी.

साक्ष द्यायला तयार झालेला एक कामगार असतो, त्याच्या अंगावर जहाजाच्या पोटात व्हिस्कीच्या खोक्यांचं स्लिंग, म्हणजे क्रेनला टांगलेलं ओझं, सोडतात. अपघात दाखवायचा. फादर खाली उतरतो, प्रेताशेजारी उभा राहून बोलायला लागतो की क्रूसावर चढवणं फक्त एकदाच झालं असं समजू नका, हे इथे झालं तेही तेच. वरून गुंड त्याच्यावर काय काय फेकून मारतात, डोक्याला लागतं, तरी थांबत नाही. शेवटी माल उचलायच्या विंचवरून (यंत्रावरून) प्रेताबरोबर तो वर जातो.

स्लिंग सुटलेलं मी दोनदा बघितलंय डोळ्यांनी. त्या शिबिरात आम्ही दोनशे जण होतो, एकाला धड इंग्रजी येत नव्हतं, आणि त्या सीनला कोणी बिडीसुद्धा पेटवली नाही. नंतर आमच्या पुढाऱ्याने सांगितलं की असा फादर खरोखर होता, न्यूयॉर्कच्या गोदीत, जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ), जॉन कॉरिडन नावाचा. त्याच्यावरूनच बेतलाय. पाळकाची_पोर, याचा झगा मळलेला आहे बरं का.

पाळकाची_पोर

नाना, याचसाठी धागा काढला होता. बाबांसाठी शोधते.

घोडबंदर_जॅम

सगळे सिरियस झालात. एक्झॉर्सिस्ट, तो भूत उतरवणाऱ्या फादरचा पिक्चर, कोणी आणतच नाहीये! पाद्रीचा खरा उपयोग तिथे आहे.

राबोडी_रिटर्न्स

आणला. नव्वद सालची गोष्ट, आम्ही पाच मित्र, व्हीसीआर भाड्याने, एका रात्रीचे पैसे काढायचे म्हणून तीन कॅसेट, त्यातली ही शेवटची पहाटे तीनला लावली. दोघं झोपल्याचं नाटक करत होते. एकाने तर दुसऱ्या दिवशी, पक्का देशस्थ ब्राह्मण, चर्चबाहेरच्या दुकानातून क्रॉस आणून गळ्यात घातला, जानव्याबरोबर. आईने बघितल्यावर काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण मोठेपणी परत बघितला तेव्हा भीती कमी आणि वाईट जास्त वाटलं. तो तरुण फादर कारास हा सायकिअ‍ॅट्रिस्ट असतो, आणि त्याची म्हातारी आई न्यूयॉर्कमध्ये एकटी मरते. ती अपराधी भावना त्याच्या डोक्यातून जात नाही आणि सैतान नेमकं तेच बोट घालून उकरतो. नोकरीसाठी आईबापाला गावी ठेवलेल्या कोणालाही तो सीन भुताशिवाय घाबरवेल.

बाटली_मसाला

आणि सगळ्यांना वाटतं की कोणीही फादर उठला आणि भूत उतरवायला गेला. बिशपची परवानगी लागते बाबांनो, त्याशिवाय करताच येत नाही. आमच्या फादरना एकदा विचारलं होतं, ते म्हणाले माझ्याकडे "अंगात आलंय" म्हणून येणाऱ्यांपैकी निम्म्यांना झोप पाहिजे असते आणि उरलेल्यांना सासूपासून सुटका.

तलावपाळी_कट्टा

एक्झॉर्सिस्टमध्ये फादर डायरचं काम केलेला माणूस खराखुरा जेझुइट फादर होता, विल्यम ओमॅली. फायटर दादांच्या पोटावर पाय.

फायटर_नं_३

त्याचा झगा स्वतःचा असणार. क्लिपा नाहीत.

जुनं_ठाणं

विषयांतर करतो पण ठाण्याचं आहे म्हणून खपवून घ्या. पाद्र्यांवर पिक्चर काढायचा तर आपल्या गावात गोष्ट पडून आहे. १३२१ साल. पोर्तुगीज यायच्या जवळपास दोनशे वर्षं आधी. चार फ्रान्सिस्कन साधू चीनला निघालेले, जहाज ठाण्याला लागलं. इथल्या एका ख्रिस्ती घरात उतरले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने मारलं, बायको काझीकडे गेली आणि म्हणाली की पाहुणे साक्षीदार आहेत. साक्षीला गेले आणि धर्मावरून वाद पेटला, चौघंही मारले गेले. बरोबरचा जॉर्डेनस म्हणून पाचवा होता, तो पुढे गेला होता म्हणून वाचला, त्याने येऊन प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. मग ओडोरिक नावाचा आणखी एक फिरस्ता साधू आला, त्याने अस्थी उकरून काढल्या आणि बोचक्यात बांधून थेट चीनला नेल्या. सुरुवात कशाने, तर शेजारच्या घरातल्या मारहाणीने!

आणि मराठीतच हवा असेल तर रेव्हरंड ना. वा. टिळक, कवी. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, बायको लक्ष्मीबाई पाच वर्षं वेगळी राहिली, मग तिने आपल्या बुद्धीने निर्णय घेतला. घरात बालकवी राहायला. खिशात पैसा टिकत नाही, जो येईल त्याला देऊन टाकायचे, आणि लक्ष्मीबाई डोक्याला हात लावून हसतायत. विजया मेहतांनी लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रावर, स्मृतिचित्रेवर, टेलिफिल्म केली होती, सुहास जोशी होत्या. थिएटरला मात्र असा पाळक मराठीत आला नाही. आणि अगदी आपल्या काळातले फादर दिब्रिटो, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी गुंडापुंडांसमोर उभे राहिलेले, २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ मध्ये गेले. ऐन पन्नाशीतले दिब्रिटो, सायकलवर वसईच्या वाडीतून चाललेत, अशा एका शॉटने पिक्चर सुरू करा, मी तिकीट काढतो. (सायकल माझी कल्पना.)

पाळकाची_पोर

टिळक म्हणजे बाबांचा देव. आजही रोज सकाळी त्यांचं एक तरी गीत म्हणतात, बेसूर.

सीवूड्स_ब्लॉक

एक अवघड गोष्ट राहिली, कोणी काढत नाहीये म्हणून मी काढतो. स्पॉटलाइट. बॉस्टनमध्ये फादर लोकांनी लहान मुलांवर केलेले अत्याचार आणि वरच्यांनी त्यांची नुसती बदली करत केलेली झाकपाक, २००२ ला बॉस्टन ग्लोबने बाहेर काढलं त्यावरचा. २०१५ चा, ऑस्कर मिळालं. त्या बातम्यांनंतर पाश्चात्य सिनेमात फादर दिसला की प्रेक्षक आधी त्याच्याकडे संशयानेच बघतो. आणि ते चूक आहे असंही म्हणता येत नाही.

म्हणून मला त्या संशयावरचाच एक सिनेमा महत्त्वाचा वाटतो. कॅलव्हरी, २०१४, ब्रेंडन ग्लीसन. आयर्लंडमधलं गाव. पहिल्याच सीनमध्ये कन्फेशनच्या खिडकीपलीकडून एक माणूस सांगतो, लहानपणी एका फादरने माझ्यावर अत्याचार केले, तो मेला, म्हणून पुढच्या रविवारी मी तुला मारणार. तू चांगला आहेस म्हणून. वाईटाला मारून कोणाला काय फरक पडतो? मग तो आठवडा. फादर गावभर फिरतो, लोक टोमणे मारतात, एकदा रस्त्यात एका लहान मुलीशी साधं बोलत चालतो तर तिचा बाप गाडी थांबवून तिला ओढून नेतो. आणि पाळकाची_पोर, गंमत म्हणजे या फादरला मुलगी आहे. बायको वारल्यावर फादर झालेला. खबरदार कोणी शेवट सांगाल तर.

पाळकाची_पोर

तो रस्त्यातला सीन वाचून थांबले जरा.

बाबांच्या टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांचा डबा असायचा. उपासना झाली की पोरं रांग लावायची, प्रत्येकाला एक. ठाण्यात आल्यावर, पेपरात तसल्या बातम्या यायला लागल्या त्या वर्षी, एक दिवस डबा दिसला नाही. विचारलं तर म्हणाले, दात किडतात पोरांचे. ऑफिसचं दार तेव्हापासून कायम उघडं, एसी लावून दिला होता मंडळीने तरी उघडं. मला याचा अर्थ खूप वर्षांनी लागला. त्यांना कोणी काही म्हटलं नव्हतं. पण कोणी म्हणेल याची वाट न बघता त्यांनी डबा उचलला.

शेंडीवाला

यावर काही लिहिता येत नाही. वाचलं.

बाटली_मसाला

माझं मत हिंदीतल्या एका फादरला. कभी हां कभी ना मधला नसिरुद्दीनचा फादर ब्रगांझा. शाहरुख खोटं बोलून बोलून येतो, हा ओरडतो, सांभाळून घेतो, आणि डोळ्यांत मिश्कीलपणा. आमच्या पॅरिशला असे एक होते, फुटबॉल खेळताना झगा कमरेला खोचायचे. जास्त काही नाही, पण माणूस वाटतो.

घोडबंदर_जॅम

ताई, मग बाबांनी बघितलं की नाही काही? धागा दोन आठवडे वर येतोय.

पाळकाची_पोर

बघितलं. नानांचा फादर बॅरी आधी. आवडला, पण म्हणाले, बोलला फार. "प्रेताशेजारी मला कधी एवढं सुचलं नाही."

काल रात्री कॅलव्हरी लावला. सबटायटल्स इंग्लिश, मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. मुलगी आली पडद्यावर तेव्हा मला कोपराने ढोसलं, "बघ, तू आहेस." रस्त्यातल्या सीनला काही बोलले नाहीत, पाणी मागितलं. चर्च जळतं तेव्हा म्हणाले, कौलारू असणार, वासे लाकडाचे. मग फादरच्या कुत्र्याला कोणीतरी मारून टाकतं तो सीन आला आणि बाबा उठले. बास म्हणाले, झोपतो.

नगरला आमच्याकडे मोत्या होता. उपासनेच्या वेळी पुलपिटच्या, म्हणजे उपदेश करायच्या चौथऱ्याच्या, खाली झोपायचा, उपदेश लांबला की जांभई द्यायचा आणि अख्खी मंडळी हसायची. तो गेला तेव्हा बाबांनी मिशन कंपाउंडच्या मागे पुरला आणि उभं राहून काहीतरी म्हटलं. मी आठ वर्षांची होते. आईला सांगू नकोस, म्हणाले होते.

शेवट मी एकटीने बघितला. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे.

सकाळी चहा घेताना विचारलं, "त्या फादरने मग दुसरं कुत्रं पाळलं का?"

मी म्हटलं, हो.